ओळ संपली, श्लोक संपला नाही

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९मध्ये हाती घेतलं, ते १९६६मध्ये पुरं झालं. तिची संगणकीय संहिता जपानचे मुनेओ तोकुनागा यांनी तयार केली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी सुधारली. तीत प्रत्येक ओळीआधी आठ आकडे असतात: पर्वाचे दोन, अध्यायाचे तीन, श्लोकाचे तीन. श्लोक मात्र बहुधा दोन ओळींचा. पहिल्या ओळीत धृतराष्ट्र आणि दुसरीत संजय असलेले श्लोक शोधायचे (विभक्ती-संधी तूर्त बाजूला ठेवू), तर ग्रेपसारखं साधन हात टेकतं, कारण ते एका वेळी एकच ओळ वाचतं. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही (म्हणजे शोधाच्या नमुन्यातही) बिंदू म्हणजे ‘कोणतंही अक्षर’, पण ओळ तोडणारं चिन्ह त्यातून वगळलेलं.

सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की ‘डॉटऑल’ हा पर्याय लावा, म्हणजे बिंदूत ओळतोडही येते. (‘मल्टिलाइन’ वेगळा, तो फक्त ^ आणि $ यांना प्रत्येक ओळीची सुरुवात-शेवट ओळखायला लावतो.) हा सल्ला अर्धवट आहे. ‘धृतराष्ट्र.*संजय’ लिहिलं, की .* (म्हणजे कितीही अक्षरं) हावरटासारखं फायलीतल्या शेवटच्या संजयापर्यंत जातं. अठरा पर्वं एकत्र असतील, तर जवळजवळ अख्खा ग्रंथच एका जुळणीत! .*? लिहिल्यास पहिल्याच संजयाशी थांबेल, पण तो चार श्लोक पुढचाही असू शकतो. ओळी सलग जोडून टाकल्या तरी तोच घोटाळा, कारण बिंदूला अडवणारं काही उरतच नाही.

म्हणून बिंदूला मोकळं सोडण्यापेक्षा सीमा स्वतः लिहावी. ओळीच्या आरंभीचे आठ आकडे कंसात पकडायचे, धृतराष्ट्र शोधायचा, ओळतोड स्पष्ट लिहायची आणि पुढच्या ओळीच्या आरंभी \१, म्हणजे कंसात सापडलेला तोच क्रमांक, मागायचा (प्रत्यक्षात हा आकडा 1 असा लिहायचा), आणि त्यानंतर संजय. क्रमांक बदलला की जुळणी नाही.

यापेक्षा ओळी वाचत श्लोक गोळा करणारा छोटा प्रोग्रॅम सोपा, असं कुणी म्हणेल. शोध रोजचा असेल, तर ते खरंच आहे. पण पायथन येणाऱ्या अभ्यासकाला एकदाच काही पडताळायचं असेल, तर हा एका ओळीचा नमुना पुरेसा आहे. फक्त काही श्लोक तीन ओळींचे आहेत. त्यांच्यासाठी त्याच क्रमांकाची मधली ओळ कंसात घालून पुढे प्रश्नचिन्ह द्यावं लागतं, म्हणजे ती असली तरी चालते, नसली तरी.