चिक्कीचं नाव, घराचं भाडं

लोणावळ्याच्या बाजारात माणूस चिक्की विकत घेत नाही, नाव विकत घेतो. गूळ तोच, शेंगदाणे तेच. पण खोक्यावर नाव कुठलं आहे हे पाहिल्याशिवाय पुण्या-मुंबईचा पाहुणा खिशात हात घालत नाही. 'मगनलाल' हे नाव तर असं रुजलंय की त्याच्याशी मिळत्याजुळत्या पाट्या रस्ताभर दिसतात आणि 'यातलं मूळचं कुठलं?' यावर एकाच मोटारीत दोन पक्ष पडतात. बोरघाटातून 1863 मध्ये रेल्वे सुरू झाली. तो मार्ग बांधणाऱ्या मजुरांना गूळदाणी विकली जाई, तीच पुढे चिक्की झाली, असं सांगतात. अशा जुन्या चवीच्या नावासाठी चार पैसे जास्त गेले तर बिघडत नाही. चिक्की फसली तरी नुकसान पाव किलोचं!

गंमत पुढेच आहे. खोका काखेत मारून बाहेर पडलेल्या या चोखंदळ गिऱ्हाइकाच्या हातात कोणीतरी गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक ठेवतो. पूर्वी आमच्या मावळात घरांना 'मातृछाया', 'श्रमसाफल्य' अशी नावं असत. आता सह्याद्रीच्या कुशीत इटली आणि स्वित्झर्लंड अवतरले आहेत. या नावांना ना गूळ, ना शेंगदाणा. तरी चिक्कीच्या खोक्याभोवती चारदा फिरणारा माणूस इथे एका फेरीत विसाराचा चेक फाडतो.

मी बँकेत होतो हे कळलं की निवृत्तीला आलेली मंडळी मला हमखास विचारतात, "साहेब, लोणावळ्याला एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर? पेन्शनीला जोड होईल." कादंबरीकार म्हणून मला ही कल्पना आवडते. बँकवाला म्हणून मी कागद-पेन्सिल मागवतो. समजा, मुद्रांक आणि नोंदणी धरून फ्लॅट 60 लाखांना पडला आणि भाडं महिना 15 हजार मिळालं. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा गेला, म्हणजे वर्षाचे 1 लाख 65 हजार. त्यातून सोसायटीची वर्गणी 30 हजार. घरपट्टी, रंग आणि गळती मिळून 25 हजार. उरले 1 लाख 10 हजार. शेकडा दोनसुद्धा नाही! "पण किंमत वाढेल ना?" वाढेलही. मात्र वाढलेली किंमत घर विकल्यावरच हातात येते. रात्री अकरा वाजता औषधाच्या दुकानात ती चालत नाही.

मग कोणी म्हणतो, बंगला घेऊ, शनिवार-रविवार पाहुण्यांना देऊ. पावसाळ्यात भुशी धरणाकडे लोटणारी गर्दी पाहिली की हा हिशेब मोहात पाडतो. पण ज्या पावसासाठी पाहुणे येतात, तोच पाऊस भिंतींवरही पडतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. दोन दिवस पाहुण्यांचे, उरलेले पाच शेवाळाचे. माळ्याचा आणि राखणदाराचा पगार मात्र सातही दिवसांचा.

घाटमाथा सोडून खाली तळेगावला या, तिथे बारमाही भाडेकरू आहे. कारण साधं आहे: तिथे कारखाने आहेत. चिक्कीला नावामुळे भाव मिळतो. घराला भाडं मिळतं ते आसपासच्या पगारांमुळे. पण पगाराचाही भरवसा किती धरायचा? तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. जगात एवढं मोठं नाव, पण डिसेंबर 2020 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. 2023 मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. कारखान्याला नवा मालक मिळेपर्यंत कारखाना थांबू शकतो. घराचे हप्ते थांबत नाहीत.

याच तळेगावाने गुंतवणुकीचा एक जुना धडाही दिला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव पैसा फंड जमवला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्यातली खुबी मला फार थोर वाटते: कारखाना बुडाला असता तरी कोणाच्या घरची चूल विझली नसती. आपण नेमकं उलट करतो. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि सौभाग्यवतींची ठेव, सगळं गोळा करून एकाच दारावर कुलूप लावतो.

घर घेऊच नये, असं मी म्हणत नाही. वर्ष-सहा महिन्यांची औषधं आणि घरखर्च बाजूला ठेवून उरलेल्या पैशांत जमत असेल, तर जरूर घ्यावं. भाड्याने देताना करार नोंदवावा. महाराष्ट्रात ती जबाबदारी मालकाची असते. पण त्याआधी चिक्कीवाल्याकडून एक गोष्ट शिकावी. तो खोका बांधण्यापूर्वी हातावर तुकडा ठेवतो. तसंच, ज्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा, तिथेच जुलैचा एक महिना भाड्याने राहावं. गळती, पाणी, वीज, शेजार आणि रिकाम्या फ्लॅटची कुलपं, सगळं आपोआप मोजून होतं. आधी भाडेकरू व्हा, मग मालक. महिन्याच्या भाड्यात एवढी चव कुठलंही माहितीपत्रक देणार नाही.