पासवर्ड दुसऱ्याला द्यावाच लागला, तर कसा द्याल?

4 जून 2024. मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी गोरेगावच्या नेस्को केंद्रात झाली. अंधेरी पूर्व आणि पश्चिम, दोन्ही याच मतदारसंघात येतात. निकाल लागला अवघ्या 48 मतांनी, आणि पुढे वाद पेटला एका मोबाइलवरून. ओटीपीने ईव्हीएम उघडलं, असा दावा सोशल मीडियावर फिरला.

निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी तो फेटाळला. ईव्हीएमला ओटीपी लागतच नाही. तो लागतो आयोगाच्या ‘एन्कोर’ या संगणक प्रणालीत लॉगिन करायला, जिथे मोजणीचे आकडे भरले जातात. मात्र डेटा एंट्री करणाऱ्या कर्मचाऱ्याचा फोन एका उमेदवाराच्या नातेवाइकाकडे असल्याच्या तक्रारीवरून वनराई पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

राजकारण बाजूला ठेवलं, तरी एक गोष्ट उरते. ओटीपी हा काही मिनिटांचा पासवर्डच असतो आणि फोन ज्याच्या हातात, त्याला तो दिसतो.

व्हॉट्सअॅपवर पाठवला तर काय बिघडतं?

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या ऑफिसांत नव्या कर्मचाऱ्याला लॉगिन द्यावं लागतं, घरी पाहुण्यांना वायफाय. सगळ्यात सोपं म्हणजे व्हॉट्सअॅप. तिथला मेसेज वाटेत कुणी वाचू शकत नाही, हे खरं. पण पोहोचल्यावर तो दोन्ही फोनमध्ये पडून राहतो, बॅकअपमध्येही जातो. वर्षभराने फोन चोरीला गेला, तर पासवर्ड सोबत जातो. ग्रुपवर टाकला असेल, तर प्रत्येक सदस्याच्या फोनमध्ये त्याची प्रत असते.

मग कसा पाठवायचा?

1. दोन वाटा वापरा. यूजरनेम ईमेलवर पाठवा, पासवर्ड फोन करून सांगा. एकच गोष्ट कुणाच्या हाती लागली, तर कुलूप उघडत नाही. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. तुम्हाला ओळखणारा कुणीही तो ओळखू शकतो. म्हणून पूर्ण आधारची गरज नसेल, तिथे पहिले आठ अंक झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ द्या.

2. एकदाच उघडणारी लिंक. ‘वनटाइम सिक्रेट’, ‘पासवर्ड पुशर’, ‘बिटवॉर्डन सेंड’ अशा सेवांवर मजकूर लिहिला की एक लिंक मिळते. किती वेळा उघडता येईल किंवा कधीपर्यंत चालेल, ते ठरवता येतं. एकदाच उघडेल अशी ठेवली, तर ती लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटासारखी काम करते. ‘लिंक आधीच उघडलेली दिसते’ असं समोरच्याने सांगितलं, तर पासवर्ड दुसऱ्या कुणी पाहिल्याची शक्यता धरा आणि लगेच बदला. लिंकमध्ये फक्त पासवर्ड लिहा. तो कशाचा आहे, ते वेगळं सांगा.

3. तात्पुरता पासवर्ड खरंच तात्पुरता ठेवा. पहिल्या लॉगिनलाच तो बदलावा लागेल, अशी सेटिंग ठेवा. मग जुना मेसेज कुणाला सापडला, तरी निरुपयोगी. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क सुरू करता येतं.

4. ‘डिसअपिअरिंग मेसेज’वर विसंबू नका. व्हॉट्सअॅपवर 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी मेसेज पुसला जातो. तोवर कुणी स्क्रीनशॉट काढला, तर तो पुसला जात नाही.

काय कधीच द्यायचं नाही?

बँकेचा ओटीपी आणि यूपीआय पिन. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावाच लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणणारा तुमच्याच खात्यातून पैसे काढत असतो. फसवणूक झालीच, तर आधी 1930 या हेल्पलाइनला फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त.

आज एक काम करा. व्हॉट्सअॅपच्या सर्चमध्ये ‘पासवर्ड’ हा शब्द मराठीत आणि इंग्रजीत टाकून पाहा. जे सापडेल, ते आधी बदला, मग मेसेज डिलीट करा. नुसता मेसेज डिलीट केला, तर समोरच्याकडचा पासवर्ड चालूच राहतो.