ठिबकनंतरही उडणारं पाणी

नांदगाव तालुक्यात डाळिंबाच्या बागेचा हिशेब शेततळ्यापासून मांडावा लागतो. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि दीडास एक उताराचं तळं काठोकाठ भरलं, तर त्यात १९ लाख ७१ हजार लिटर पाणी मावतं. साडेचार बाय तीन मीटरवर एकरी ३०० झाडं बसतात. आंबे बहारात झाडाला रोज ३० लिटर धरले, तर एकराला ९,००० लिटर लागतात. या हिशेबाने तळं २१९ दिवस पुरायला हवं.

पुरत नाही. दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर भरल्या तळ्यावरून रोज ७,२०० लिटर उडतात. पातळी उतरेल तसा आकडा घटतो, तरी २१९ दिवसांचे साडेचार महिनेच उरतात. गिरणा धरण जवळच, पण त्याच्या कालव्यांचं पाणी मुख्यतः जळगाव जिल्ह्याला.

ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान मिळतं. पण ड्रिपरखालची ओली माती उघडीच राहते. झाडाला दोन ड्रिपर, प्रत्येकाखाली मीटरभर व्यासाचा ओलावा, म्हणजे दीड चौरस मीटरहून थोडी जास्त जागा. तिथून ६ मिलिमीटर उडालं, तर ३० पैकी ९ लिटर मुळांपर्यंत पोचतच नाहीत. सावलीत हे कमी, कोवळ्या बागेत पूर्ण. आच्छादनाने यातलं निम्मं वाचलं, तरी चार महिन्यांत एकरी सुमारे १ लाख ७० हजार लिटर हाती राहतात.

कोकणातल्या काजूशी ताडून पाहा. जानेवारी ते मार्च दर पंधरवड्याला झाडामागे २०० लिटर, ही काजूसाठीची शिफारस. सात बाय सात मीटरवर एकरी ८२ झाडं, म्हणजे हंगामाला लाखभर लिटर. नांदगावात एकरभर आच्छादनातून वाचेल, तेवढ्यात दीड एकर काजू भिजेल.

अडचण आच्छादनाच्या मालाची आहे. बाजरीचं सरमाड, मक्याचा कडबा बागेत पसरायचा, तर दुष्काळी सालात गुरांनी काय खायचं? म्हणून जनावरं तोंड लावत नाहीत त्या कपाशीच्या काड्यांची कुट्टी करणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. मात्र ती खोडापासून वीतभर दूर ठेवावी. खोडाशी ओल साचली की बुरशीला आणि वाळवीला आयतं निमंत्रण. शिवाय झाकलेला ड्रिपर तुंबला तरी दिसत नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा कुट्टी बाजूला सारून नळी पाहावीच लागते.