घरात मांजर आहे? मग गॅलरीतल्या कुंड्या एकदा नीट बघा

रे रोड स्टेशनबाहेर पडलं की लोखंडाची गोदामं, भंगाराची दुकानं, पुढे दारूखाना. मधल्या चाळींत आणि खोल्यांत उंदीर-घुशींना तोटा नाही. म्हणून आपल्याकडे मांजर शौकापेक्षा गरजेचं जनावर. अलीकडे मात्र चित्र बदललं आहे. नव्या इमारतींत राहायला गेलेली कुटुंबं मांजर दिवसभर घरातच ठेवतात, आणि त्याच घराच्या खिडकीला बॉक्स ग्रिल असते. ग्रिलमध्ये कुंड्या, कुंड्यांच्या मध्ये ऊन खात बसलेली मांजर. फोटो छान येतो, पण कुंडीत काय लावलंय हे कुणी बघत नाही.

"जनावराला विषारी काय ते बरोबर कळतं," असं आपली दादी-नानी सांगते. हे अर्धंच खरं आहे. बाहेर फिरणाऱ्या मांजरीला चघळायला गवत मिळतं. घरात कोंडलेल्या मांजरीला गवत नाही, कामही नाही, मग ती समोरचं पान चघळते. पिल्लं तर हलणारी प्रत्येक गोष्ट तोंडात घालतात. शिवाय मांजर दिवसभर स्वतःला चाटत असते, त्यामुळे अंगावर पडलेली पावडर किंवा चीक शेवटी पोटातच जातो. मांजरीचं यकृत काही द्रव्यं माणसासारखी निकामी करू शकत नाही, म्हणून आपल्याला न बाधणारी गोष्टही तिला मारू शकते.

सगळ्यात आधी लिलीबद्दल. निकाह, वलीमा, ईदच्या भेटीगाठी, कुणी हजहून परत आलं की स्वागत, सगळीकडे आता बुके येतात आणि त्यात मोठ्या पाकळ्यांची, गडद वासाची लिली हमखास असते. ही लिली मांजरीची किडनी निकामी करते. पान, पाकळी, फुलातली केशरी पावडर, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा. पावडर अंगावर पडली आणि मांजरीने ती चाटली तरी पुरे. पहिल्या काही तासांत उलटी होते, मांजर मलूल पडते, खात नाही. मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं आणि आपण निर्धास्त होतो. इथेच घात होतो, कारण साधारण 1 ते 3 दिवसांत किडनी बंद पडते. या विषावर उतारा नाही, पण लवकरात लवकर, शक्यतो 18 तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर मांजर वाचू शकते. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: मांजर असलेल्या घरात लिलीचा बुके आणायचाच नाही. कुणी आणलाच तर लिली काढून पिशवीत बांधून टाका. पीस लिली नावाची कुंडी मिळते ती वेगळी. तिने तोंडाची आग होते, किडनी जात नाही.

दुसरं नाव कण्हेरीचं. लाल, गुलाबी, पांढरी कण्हेर रस्त्याच्या दुभाजकांवर, कब्रस्तानात, सोसायटीच्या कुंपणाला सगळीकडे दिसते, कारण तिला गुरं खात नाहीत आणि पाणीही कमी लागतं. तिचं पान, फूल, खोड सगळं हृदयावर परिणाम करतं. वाळलेलं पानही तितकंच वाईट. पिवळ्या फुलांची बिट्टी तिचीच नातेवाईक. शोभेचं अडेनियमही त्याच जातकुळीतलं. पानफुटीसुद्धा हृदयावर जाते. सायकस पाम दिसायला खजुरीच्या छोट्या झाडासारखा, म्हणून हौसेने आणतात. त्याच्या बियांनी यकृत निकामी होतं.

मनी प्लांटला लोक फार घाबरतात, पण त्याने सहसा जीव जात नाही. त्याच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते तोंडात टोचतात. मांजर लाळ गाळते, पंज्याने तोंड घासते. डिफेनबेकिया आणि कच्चं अळू तसंच. कोरफडीने उलट्या-जुलाब होतात. या कुंड्या फेकायची गरज नाही, मांजर चढणार नाही अशा ठिकाणी टांगल्या की झालं. गुलाब, मोगरा, जास्वंद, अरेका पाम, स्पायडर प्लांट यांची काळजी नको. मूठभर गहू भिजवून पसरट डब्यात मातीत टाका, आठवडाभरात गवत उगवतं. ते मांजरीचं हक्काचं चघळण होतं.

मांजरीने काही खाल्लंच तर? मीठपाणी पाजून उलटी करवू नका, तेल-तूप पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. माणसाची क्रोसिन तर अजिबात नाही, पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. "नजर लागली असेल" म्हणत रात्र घालवू नका. तोंडात राहिलेलं पान ओल्या फडक्याने काढा, अंगावर पावडर असेल तर पुसून घ्या, तिला चाटू देऊ नका. मांजर जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा, झाडाची फांदी किंवा फोटो सोबत घ्या, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा आणि निघा.

आपल्या भागातून जवळचं ठिकाण म्हणजे परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. जुनी माणसं त्याला अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, टॅक्सीवाल्यालाही तेच नाव सांगा. रात्री निघण्याआधी फोन करून डॉक्टर आहेत का विचारा. नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा.

मांजर वुजूच्या पाण्याला तोंड लावते तेव्हा काय, हा प्रश्न आपल्या घरांत नेहमी निघतो. सहाबी हजरत अबू कतादा यांनी मांजरीला पाणी पिता यावं म्हणून वुजूचं भांडं तिच्यासाठी कलतं केलं होतं, ही रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिझीत आहे. मांजर नापाक नाही, ती घरात तुमच्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकी आहे, असं कारण तिथे दिलं आहे. अवतीभवती फिरणारी म्हणजे ओट्यावर, कपाटावर, ग्रिलमध्येही जाणारी. तेव्हा कुंड्या बघताना वरच्या फळीवरच्याही बघा.