गृहभेटीतील कौशल्य : तक्त्यात न मावणारी बाब

गृहभेट परिचर्या विभागाचा तक्ता या अहवालात अन्यत्र दिला आहे. भेटींची संख्या, प्रवासखर्च व मलमपट्टीचे साहित्य यांचा तपशील त्यात आहे. परंतु या कामास अनुभवी परिचारिकाच का हवी, याचे उत्तर त्यात सापडत नाही. भेटींच्या संख्येनुसार मानधन द्यावे, असा प्रस्ताव आम्हीच, म्हणजे प्रशासनाने, विश्वस्त मंडळापुढे ठेवला होता. त्यानिमित्ताने या विषयाची माहिती घेणे भाग पडले.

गोरगरिबांच्या घरी प्रशिक्षित परिचारिका पाठविण्याचा प्रयोग १८५९ साली लिव्हरपूल येथे विल्यम रॅथबोन यांनी केला. (ते व्यापारी होते, हे आम्हां हिशेबनिसांना सुखावणारे!) तीन महिन्यांसाठी नेमलेल्या मेरी रॉबिन्सन घरोघरचे दैन्य पाहून महिन्याभरातच काम सोडण्यास निघाल्या होत्या. रॅथबोन यांनी आग्रह केल्याने त्या थांबल्या.

कौशल्याचा शास्त्रीय अभ्यास पुढे अमेरिकेत पॅट्रिशिया बेनर यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. वैमानिक व बुद्धिबळपटू यांच्या निरीक्षणावर आधारलेली ड्रायफस बंधूंची मांडणी त्यांनी परिचर्येस लावली आणि नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्या दाखविल्या. त्यांची पद्धत साधी होती. नवी व अनुभवी अशा दोन परिचारिकांना एकाच प्रसंगाचे वर्णन स्वतंत्रपणे करावयास सांगावयाचे आणि कोणाच्या नजरेस काय पडले, ते ताडून पाहावयाचे. बेनर यांचा अभ्यास रुग्णालयातील होता. घरी तर हाकेच्या अंतरावर डॉक्टर नसतात आणि यजमान रुग्ण असतो.

आम्हीही हीच पद्धत अवलंबिली. मधुमेही आजींच्या पायाच्या जखमेसाठी आमच्या दोन परिचारिका एकाच घरी लागोपाठ गेल्या. दोघींचे नोंदपत्र जवळपास सारखेच होते : साखर वाढलेली, मलमपट्टी केली. नवीन भगिनींनी जखमेचे वर्णन अचूक सांगितले. ज्येष्ठ भगिनींनी मात्र चहा घेण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघर पाहिले होते. इन्सुलिनची बाटली चुलीवरच्या फळीवर होती. उष्णतेने इन्सुलिनचा गुण कमी होतो. घरात फ्रिज नसल्याने त्यांनी बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवविली आणि सूनबाईंकडून ती कृती पुन्हा करून घेतली. साखर का वाढली, याचा उलगडा तेथेच झाला होता. नोंदपत्रात मात्र त्यासाठी रकानाच नव्हता.

मानधनाचा प्रस्ताव आम्ही मागे घेतला आहे. नव्या नोंदपत्रात अर्धे पान कोरे सोडले असून, दर महिन्यास एका प्रसंगाचे कथन दोन परिचारिकांकडून ऐकण्याचे ठरविले आहे. त्या वेळी भेटी थोड्या कमी होतील. पुढील वर्षीचा तक्ता पाहताना देणगीदारांनी ही घट लक्षात घ्यावी, ही विनंती.