ईमेलचे खाते आणि त्याचा खरा मालक

महाराष्ट्रात पुष्कळ लोक आपले ईमेल खाते स्वतः उघडत नाहीत. फोन विकणारा दुकानदार, महा ई-सेवा केंद्राचा चालक किंवा घरातला एखादा शाळकरी मुलगा ते पाच मिनिटांत उघडून देतो, आणि ज्याच्या नावाने ते उघडले जाते त्याला आपला पत्ता कोणता व पासवर्ड काय हेही बहुधा ठाऊक नसते. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधून ॲप उतरवून घेण्यासाठी गूगलचे खाते लागते म्हणून ते काढले जाते, आणि त्या क्षणी त्याचा तेवढाच उपयोग दिसतो. पुढे मात्र त्याच पत्त्यावर बँकेची विवरणे येतात, प्रवेशपरीक्षांच्या सूचना येतात, विम्याच्या पावत्या येतात, आणि अन्य सेवांचे विसरलेले पासवर्ड नव्याने ठरवण्याचे दुवेही तेथेच येतात. ज्याच्या हाती ईमेल खाते त्याच्या हाती या साऱ्या सेवा जाऊ शकतात. म्हणून हे खाते उघडणे हा फोन सुरू करण्यातला एक किरकोळ टप्पा न मानता, महत्त्वाचा दस्तऐवज करून घेण्याइतक्या काळजीने करण्याचे काम मानले पाहिजे.

या कामातला पहिला गैरसमज खाते नेमके कोठे असते याविषयीचा आहे. ते फोनमध्ये नसते आणि संगणकातही नसते. ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे अहोरात्र चालू असलेल्या व जाळ्याशी जोडलेल्या संगणकावर असते, आणि आपल्या हातातले उपकरण ते केवळ पाहण्याचे व चालवण्याचे साधन असते. ईमेलच्या पत्त्याची रचनाही हेच सांगते. १९७१ मध्ये अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर काम करणाऱ्या रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीला संदेश पाठवण्याची सोय केली, तेव्हा व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे दाखवण्यासाठी त्यांनी ‘ॲट’ हे चिन्ह निवडले. आजही त्या चिन्हाच्या आधी खातेदाराचे नाव असते आणि नंतर त्याचे टपाल सांभाळणाऱ्या ठिकाणाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. नाशिकच्या एखाद्या व्यक्तीने ‘पाठवा’ हे बटण दाबले की तिचा संदेश आधी तिच्याच कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर पत्त्यातले डोमेन वाचून, इंटरनेटवरील नावांची जी जगभर विखुरलेली नोंदवही आहे त्या डीएनएस व्यवस्थेत, त्या डोमेनचे टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो याची नोंद शोधतो आणि संदेश तेथे सुपूर्द करतो. ज्याला पत्र लिहिले त्याचा फोन त्या वेळी बंद असला तरी काही बिघडत नाही, कारण पत्र फोनकडे गेलेलेच नसते.

सर्व्हरवरचे हे टपाल उपकरणापर्यंत आणण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत, आणि खाते जोडताना होणाऱ्या नुकसानीचे एक मोठे कारण त्यांतला भेद माहीत नसणे हे आहे. पहिली पद्धत ‘पॉप’, जिचा मूळ आराखडा १९८४ चा आहे. दुसरी ‘आयमॅप’, जी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी मांडली. पॉप ज्या काळातली आहे त्या काळात जोडणी महाग होती. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाही टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडणी करावी लागे आणि मिनिटामिनिटाचा हिशेब असे. अशा स्थितीत जोडणी करावी, आलेली पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घ्यावीत, सर्व्हरवरची जागा मोकळी करावी आणि लाइन तोडून मग निवांत वाचावे, हा क्रम शहाणपणाचा होता. पॉपची रचना या क्रमाला साजेशीच आहे. एका माणसाकडे एकच संगणक आहे असे ती गृहीत धरते.

आता एकाच खात्यावर कार्यालयातील संगणक, घरचा लॅपटॉप आणि खिशातला फोन असे तिघे नजर ठेवून असतात, आणि येथे पॉपचे गृहीतक मोडते. लहान कार्यालयांत हा प्रसंग वारंवार घडतो: नवा संगणक येतो, तो बसवणारा तंत्रज्ञ मेल प्रोग्रॅममध्ये खाते पॉप पद्धतीने जोडतो, ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या ओळीपुढची खूण करायची राहते, आणि दुसऱ्या दिवशी मालकाच्या फोनवरून जुनी पत्रे नाहीशी झालेली दिसतात. ती नष्ट झालेली नसतात. ती त्या एका संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरलेली असतात आणि त्यांची अन्यत्र कोठेही प्रत उरलेली नसते. पुढे ती डिस्क बिघडली तर मात्र वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार खरोखरच जातो. आयमॅपमध्ये मूळ प्रत सर्व्हरवरच राहते, आणि पत्र वाचले, उत्तर दिले, तारांकित केले वा काढून टाकले याची खूणही सर्व्हरवरच नोंदली जाते. त्यामुळे फोनवर वाचलेले पत्र संगणकावरही वाचलेले दिसते. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते, ती अशी की फोनमधली जागा मोकळी करण्यासाठी पुसलेले पत्र संगणकावरूनही जाते. तरीही आजच्या वापरासाठी आयमॅपच निवडावी, याबद्दल फारसे दुमत होण्याचे कारण नाही.

खाते उघडण्याची क्रिया तशी छोटी आहे. जीमेल, आउटलुक, याहू, रेडिफमेल, झोहो यांपैकी कोणत्याही सेवेच्या नोंदणीपानावर नाव, जन्मतारीख, हवा असलेला पत्ता, पासवर्ड आणि मोबाइल क्रमांक एवढे मागितले जाते. यांतला पत्ता निवडताना मराठी माणसापुढे एक खास अडचण असते. पूजा हे नाव कोणी रोमन लिपीत एका ‘यू’ने लिहितो तर कोणी दोन ‘ओं’नी, चौधरी, वैद्य, क्षीरसागर अशा आडनावांची तर तीन-चार स्पेलिंगे प्रचारात आहेत. पत्ता फोनवरून सांगताना एक अक्षर चुकले तरी पत्र परत येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच माणसाकडे जाते. म्हणून आधार आणि पॅन कार्डावर जे स्पेलिंग असेल तेच पत्त्यात ठेवावे, अंडरस्कोअरसारखी सांगायला अवघड चिन्हे टाळावीत, आणि लहानपणीचे टोपणनाव किंवा आवडत्या नटाचे नाव पत्त्यात घालू नये, कारण हाच पत्ता पुढे नोकरीच्या अर्जावर लिहावा लागतो. जीमेलमध्ये नावातल्या टिंबांना अर्थ नसतो. टिंब दिले काय किंवा गाळले काय, पत्र एकाच खात्यात जाते. इतर सेवांत मात्र असे गृहीत धरता येत नाही.

देवनागरीतला पत्ता तांत्रिकदृष्ट्या आता शक्य आहे. रोमनेतर लिपींतील ईमेल पत्त्यांचे मानक २०१२ मध्ये तयार झाले आणि २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेनही खुले झाले. परंतु जीमेलवर नवा पत्ता काढताना आजही रोमन अक्षरेच वापरावी लागतात, आणि अनेक संकेतस्थळांचे अर्ज देवनागरी पत्ता चुकीचा ठरवून नाकारतात. मराठीतून पत्र लिहिता येते, मराठीतून विषय लिहिता येतो, पण पत्ता मात्र मराठीत चालत नाही, ही उणीव तंत्रज्ञानाची उरलेली नसून ते अमलात आणण्यातल्या अनास्थेची आहे, आणि निदान सरकारी संकेतस्थळांनी तरी ती आपल्या बाजूने दूर करायला हवी.

उघडलेले खाते दुसऱ्या उपकरणावर घेणे ही वेगळी क्रिया आहे, आणि तिच्यासाठी नवे खाते काढण्याची गरज नसते. तरीही प्रत्येक नव्या फोनबरोबर नवे खाते काढणारे लोक कमी नाहीत, आणि त्यांचे टपाल मग चार ठिकाणी विखुरते. अँड्रॉइडवर जीमेल ॲपमध्ये कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवले की दुसरे खाते जोडण्याचा पर्याय मिळतो, आणि तेथे गूगलखेरीज अन्य कंपन्यांची खातीही जोडता येतात. आयफोनवर हेच काम सेटिंग्जमधील मेलच्या विभागात होते. संगणकावर ब्राउझर उघडून थेट संकेतस्थळावर जाणे सर्वांत सोपे; ज्यांना पत्रे संगणकावर साठवून हवी असतात ते आउटलुक किंवा थंडरबर्ड यांसारखा मेल प्रोग्रॅम वापरतात. मोठ्या कंपन्यांचा पत्ता टाकताच हे प्रोग्रॅम सर्व्हरची माहिती स्वतः शोधतात आणि पासवर्ड विचारण्यासाठी त्या कंपनीचेच पान उघडतात. या पद्धतीला ओऑथ म्हणतात, आणि तिचा फायदा असा की प्रोग्रॅमला पासवर्ड कधीच कळत नाही. त्याला फक्त एक परवाना मिळतो, जो खातेदार हवा तेव्हा रद्द करू शकतो.

स्वतःच्या संस्थेच्या किंवा दुकानाच्या डोमेनवरचे खाते असेल तर मात्र माहिती हाताने भरावी लागण्याचा संभव असतो. त्या अर्जात दोन भाग असतात. येणाऱ्या टपालाच्या सर्व्हरचे नाव सेवा देणारी कंपनी सांगते आणि त्यापुढे पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरील त्या कामाच्या प्रवेशद्वाराचा क्रमांक, लिहायचा असतो: सुरक्षित आयमॅपसाठी तो ९९३ आणि सुरक्षित पॉपसाठी ९९५. जाणाऱ्या टपालासाठी एसएमटीपी हा नियमसंच आहे आणि त्याचा पोर्ट ४६५ किंवा ५८७. ‘पत्रे येतात पण जात नाहीत’ ही नेहमीची तक्रार येथेच उगम पावते, कारण येणे आणि जाणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत आणि दुसऱ्या भागात नाव व पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो, जो बरेचदा राहून जातो. कधी तेथे २५ हा जुना पोर्ट लिहिलेला असतो. हजारो नको असलेली पत्रे पाठवणाऱ्यांना आळा घालण्यासाठी इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या ग्राहकांसाठी तो बंद ठेवतात. जुन्या प्रोग्रॅममध्ये गूगलचे वैयक्तिक खाते जोडताना पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळतो, तो यासाठी की २०२२ पासून गूगलने अशा प्रोग्रॅमना नेहमीच्या पासवर्डने प्रवेश देणे थांबवले आहे. त्यावर उपाय म्हणून द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागण्याची सोय, सुरू केलेल्या खात्यातून सोळा अक्षरांचा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ काढता येतो.

एवढे सारे नीट जमले तरी खाते आपले राहील की नाही हे एका चौकटीवर ठरते, आणि ती म्हणजे पुनर्प्राप्तीचा मोबाइल क्रमांक. पासवर्ड विसरला किंवा कोणी बदलला तर कंपनी त्या क्रमांकावर संकेतांक पाठवून खातेदाराची ओळख पटवते. तेथे दुकानदाराचा क्रमांक असेल तर संकेतांक दुकानदाराकडे जातो. स्वतःचा पण बंद पडलेला क्रमांक असेल तर धोका निराळा: भारतात बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान नव्वद दिवस थांबून दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग आपल्या खात्याचा संकेतांक एका अनोळखी माणसाच्या हाती पडतो. विनामूल्य खात्याच्या बाबतीत एखाद्या कार्यालयात जाऊन, ओळखपत्र दाखवून ते परत मिळवण्याची सोय नाही. जे काही करायचे ते ठरलेल्या पानावर, यंत्राने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊनच करावे लागते. फोनचेही तसेच. अँड्रॉइड फोन सेटिंग्जच्या मेनूतून न जाता बाहेरून पूर्ववत (फॅक्टरी रीसेट) केला, तर चोरीला प्रतिबंध म्हणून तो आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड किंवा जुने स्क्रीन लॉक मागतो, आणि दोन्ही ठाऊक नसतील तर विकत घेतलेला, बिल असलेला फोनही उघडत नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. गूगलची १५ जीबी विनामूल्य जागा टपाल, फाइली आणि फोटो यांत मिळून वाटलेली असते. फोनमधील फोटोंनी ती भरली की नवी पत्रे येणे थांबते आणि पाठवणाऱ्याला ती परत जातात, तरी खातेदाराला इंटरनेटच बिघडले असे वाटत राहते. शिवाय दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकते, त्यामुळे केवळ जुनी पत्रे जपण्यासाठी ठेवलेल्या खात्यातही अधूनमधून प्रवेश केला पाहिजे.

ज्या घरातील फोन दुसऱ्या कोणी सुरू करून दिलेला आहे, त्या घराने फोनच्या सेटिंग्जमधील गूगल विभाग उघडून तेथे कोणता पत्ता आहे आणि सुरक्षेच्या पानावर कोणाचा मोबाइल क्रमांक आहे हे पाहून घ्यावे. तो आपला नसेल किंवा चालू नसेल तर पासवर्ड हाताशी असेतोच बदलावा, नवा पासवर्ड दुसऱ्या कोणाला सांगू नये, द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी आणि त्या वेळी मिळणारे आठ अंकी राखीव संकेतांक कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत.