बारा कप्प्यांचा कागद

दोन घड्या घालून तीन पानं केलेलं एखादं माहितीपत्रक हातात घ्या आणि पट्टीने मोजा. तिन्ही पानं सारखी वाटतात, पण नीट केलेल्या पत्रकात ती तशी नसतात. दोन पानं १०० मिलिमीटरची आणि आत दुमडलेलं पान ९७ मिलिमीटरचं. बेरीज २९७, म्हणजे आडव्या ए-फोर कागदाची लांबी. ते पान बाकीच्या दोघांच्या पोटात जाऊन बसतं. तेही पुरतं रुंद असतं तर घडीला टेकून वाकलं असतं आणि पत्रक सपाट मिटलंच नसतं. कागदाला जाडी असते, हे कॉम्प्युटरवर काम करताना जाणवत नाही, घडी घालताना जाणवतं.

या आत दुमडलेल्या पानाचं मला फार अप्रूप आहे. एक कोरा कागद तसाच दुमडा आणि वाचक ज्या क्रमाने उघडेल त्या क्रमाने पेन्सिलीने आकडे घाला. मुखपृष्ठ १. ते उघडलं की डावीकडे २ आणि समोर अजून मिटलेलं ते पान, ३. ते उलगडलं की ४ आणि ५, पाठीवर ६. आता कागद पूर्ण पसरा. बाहेरच्या बाजूला डावीकडून आकडे दिसतील ३, ६, १ आणि आतल्या बाजूला २, ४, ५! छपाईच्या फाइलमध्ये पानं याच विस्कटलेल्या क्रमाने असतात. म्हणून फाइल बघून मजकूर लावणारा ३ नंबरच्या पानावर शाखांचे पत्ते नाहीतर अटी टाकून मोकळा होतो. खरं तर मुखपृष्ठाने कुतूहल जागं केल्यावर लगेच डोळ्यांपुढे येणारं पान ते. पत्रकातली सगळ्यांत मोलाची जागा हीच, असं मी ठामपणे म्हणेन.

साध्या हँडबिलाला असं आधी-नंतर नसतं, तिथे सगळं एकदम समोर. आणि डोळ्याची अडचण अशी, की हात लांब करून अंगठ्याचं नख पाहिलं तर साधारण तेवढाच भाग एका वेळी लख्ख दिसतो. बाकीचं धूसर. म्हणून हँडबिलावर एकच गोष्ट मोठी हवी. सहा गोष्टी मोठ्या केल्या, की नजरेला थांबायला जागाच राहत नाही.

आता मूळ कागदाकडे या. ए-फोर मधोमध कापला तर अर्धा कागदही त्याच प्रमाणाचा निघतो, कारण त्याच्या बाजूंचं गुणोत्तर १ ला २ चं वर्गमूळ असं आहे. गेऑर्ग लिश्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १७८६ साली एका पत्रात हा गुण मांडला. १९२२ साली अभियंते वाल्टर पोर्स्टमान यांच्या कामातून तो जर्मनीचं प्रमाण झाला. ए-झिरो म्हणजे एक चौरस मीटर आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. त्यामुळे ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचा, ए-फोर ५ ग्रॅमचा भरणार, हे वजनकाट्याशिवाय सांगता येतं.

या गणिताची सर्वांत देखणी करामत अमेरिकेतली आहे, जिथे रोजच्या वापरात ए-फोर नाहीच. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या पत्रकांसाठी डिझायनर मासिमो विन्येली यांनी १९७७ साली ‘युनिग्रिड’ नावाची रचना केली. ए-टू कागद घ्यायचा, ५९४ बाय ४२० मिलिमीटरचा. लांबीत सहा भाग, रुंदीत दोन. झाले बारा कप्पे, प्रत्येकी ९९ बाय २१०. पत्रक लहान असो की मोठं, ते या कप्प्यांच्याच पटीत. ए-फोरचे तीन सारखे भाग केले तरी नेमका हाच कप्पा हाती येतो! वर काळा पट्टा आणि त्यात पांढऱ्या ठळक अक्षरांत उद्यानाचं नाव. स्टँडमध्ये पत्रकं एकामागे एक उभी असली की वरचीच कड दिसते, आणि नाव तिथेच आहे. कागदाचा आकार, घडी, पट्टा हे सगळं आधीच ठरलेलं, त्यामुळे प्रत्येक पत्रकात नव्याने विचार करायचा तो नकाशाचा, चित्रांचा आणि मजकुराचा. बंधनातून एवढी मोकळीक मिळालेली मी क्वचितच पाहिली आहे.

मराठी पत्रक करताना मात्र या कप्प्यात आपल्या लिपीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. रोमन अक्षरांना पुरणारं ओळींमधलं अंतर देवनागरीला अपुरं पडतं. वरच्या ओळीतल्या ‘हू’चा ऊकार खाली लोंबतो, खालच्या ओळीतल्या ‘र्ती’ची वेलांटी आणि रफार शिरोरेषेच्या वर उठतात, आणि दोघं एकमेकांना भिडतात. इंग्रजी पत्रकाच्या साच्यात मराठी मजकूर तसाच ओतला, की हे हमखास होतं. मग अक्षर बारीक करायचा मोह होतो. तो आवरून चार वाक्यं कमी करावीत आणि ओळींना श्वास घेऊ द्यावा.